जुनं पुष्पक घेतलं आहे, शिकवणारा कुठे शोधायचा? (टेलव्हील, मुंबई परिसर)

पार्लेकर_व्हीटी

नमस्कार मंडळी. एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) पुष्पक, म्हणजे दोन सीटचं छोटं विमान, घेतलं आहे, १९६० च्या दशकातलं. रजिस्ट्रेशन व्हीटी (म्हणजे भारतातलं), कॅटेगरी प्रायव्हेट. विमान सध्या पठारावरच्या एका छोट्या धावपट्टीवर हँगरमध्ये आहे, मी राहतो पार्ल्यात. माझं पीपीएल (खासगी पायलट लायसन्स) सेसना १५२ आणि १७२ वरचं आहे, ती दोन्ही नोजव्हील, म्हणजे नाकाखाली चाक असलेली. टेलव्हीलचा, म्हणजे शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचा अनुभव शून्य. फ्लाइंग स्कूलना फोन केले की एकच उत्तर मिळतं: आमची सगळी विमानं नोजव्हील, आमचे इन्स्ट्रक्टर तुमच्या विमानात बसणार नाहीत.

विचारायचं ते असं. इन्स्ट्रक्टर शोधायचा कसा आणि त्याला काय विचारायचं? पहिल्या ड्युअलच्या (इन्स्ट्रक्टरसोबतच्या उड्डाणाच्या) आधी विमानात काय तपासून घ्यायचं? जुहूला आणून शिकता येईल का? आणि सरळ परदेशात जाऊन टेलव्हील शिकून आलो तर इथे त्याचा उपयोग होतो का?

फिरता_पंखा

जुहूचा विचार सोडून द्या. जुहू म्हटलं की १५ ऑक्टोबर १९३२ चं पुस मॉथ आणि जेआरडी डोळ्यांसमोर येतात, पण आजचं जुहू हेलिकॉप्टरचं आहे. मुंबई हायला जाणारी हेलिकॉप्टरं दिवसभर ये-जा करतात, शेजारी सांताक्रूझची हद्द, सगळं आकाश नियंत्रित. बॉम्बे फ्लाइंग क्लबसुद्धा विमानाचं प्रशिक्षण धुळ्याला देतो, ते उगाच नाही. सलग सर्किट (टेक-ऑफ, फेरी, लँडिंग) मारायला तिथे मोकळीक मिळणार नाही. शिवाय कापडी पंखांचं हलकं विमान उभं असताना शेजारून हेलिकॉप्टर हॉवर-टॅक्सी करत (जमिनीलगत तरंगत) गेलं, तर त्याच्या झोताने पंख उचलला जातो किंवा बांधून न ठेवलेलं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) आपटून बिजागरीतून जातं. शिकायचं ते विमान आहे तिथेच. मुंबईहून आदल्या रात्री निघा आणि सकाळच्या थंड हवेत उडा.

आता इन्स्ट्रक्टर. शाळेला फोन करून "टेलव्हील शिकवता का" विचारलं की नाहीच म्हणणार, कारण त्यांचा विमा, त्यांची विमानं आणि त्यांचं मंजूर ट्रेनिंग मॅन्युअल यात पुष्पक कुठेच नाही. तुम्हाला शाळा नको आहे, माणूस हवा आहे. त्या माणसाकडे चार गोष्टी एकदम असाव्या लागतात.

पहिली, चालू एफआयआर (इन्स्ट्रक्टरचं रेटिंग). एएफआयआरवाला, म्हणजे सहायक इन्स्ट्रक्टर, देखरेखीखाली काम करतो, त्यामुळे तुमच्या एकट्याच्या कामासाठी तो अपुरा पडतो. दुसरी, लायसन्सवर पुष्पक असणं, किंवा १,५०० किलोपर्यंतच्या विमानांचं ओपन रेटिंग. पुष्पकाचं कमाल वजन ६१३ किलो आहे, म्हणजे ते त्यात आरामात बसतं. तिसरी, टेलव्हीलचा ताजा हात. चौथी, उजव्या सीटवरून टेलव्हील उतरवायची सवय.

लोक तिसऱ्यावर घसरतात. एअरलाइनमध्ये पंधरा हजार तास उडवलेला कॅप्टन ऐकायला भारी वाटतो, पण जेटमध्ये पाय जमिनीवर ठेवून बसायची सवय लागलेला माणूस पुष्पकात पहिल्याच लँडिंगला तुमच्याइतकाच नवखा असतो. त्याचे एकूण तास विचारू नका. गेल्या बारा महिन्यांत टेलव्हीलवर किती लँडिंग झाली ते विचारा, आणि लॉगबुक बघायला मागा. चांगला इन्स्ट्रक्टर याचा राग मानत नाही.

असे लोक सापडतात कुठे? एक, हवाई दलातून निवृत्त झालेले जुने क्यूएफआय (हवाई दलाचे इन्स्ट्रक्टर), जे एचटी-२ या प्रशिक्षण विमानावर शिकले आणि ज्यांनी त्यावर शिकवलं. ते विमान टेलव्हीलच होतं. मात्र हवाई दलाचं क्यूएफआय म्हणजे आपोआप डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक नियामकाचं) एफआयआर नव्हे, ते वेगळं घेतलेलं आहे का ते विचारा. दोन, जुन्या फ्लाइंग क्लबांचे माजी चीफ इन्स्ट्रक्टर. पुष्पक देशभर क्लबांमध्येच वाढलं, तेव्हा साठी-सत्तरीतल्या बऱ्याच जणांच्या लायसन्सवर ते अजून आहे. तीन, आणि हा रस्ता कुणी वापरत नाही: तुमच्या विमानाची जुनी लॉगबुकं उघडा. प्रत्येक उड्डाणासमोर पायलटचं नाव असतं. गेल्या दोन मालकांच्या काळात ज्यांनी चेक उड्डाणं केली, त्यांनाच गाठा.

एक फोन मात्र सगळ्यांच्या आधी करायचा, तो एक्झामिनरसाठी. आपल्याकडे लायसन्सवर विमानाचा प्रकार नोंदवावा लागतो. म्हणजे ड्युअल, मग चाचणी, मग ईजीसीएवर (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर) अर्ज. चाचणी घेणाऱ्याकडेही तो प्रकार हवा. इन्स्ट्रक्टर मिळाला, दहा तास झाले, आणि एक्झामिनर मिळेना म्हणून विमान सहा महिने धूळ खात पडलं, असं सहज होतं. शक्यतो इन्स्ट्रक्टरलाच विचारा की तुमच्याबरोबर चाचणीला कोण बसेल.

ओलं_डोप

वरचं सगळं बरोबर, पण क्रम उलटा करा. आधी विमान शिकवण्याजोगं करा, मग माणूस बोलवा. सत्तरीचा इन्स्ट्रक्टर दोनशे किलोमीटर गाडीने येणार आणि एआरसी (विमान उडण्यालायक असल्याच्या तपासणीचं प्रमाणपत्र) गेल्या महिन्यात संपलं हे त्याला हँगरमध्ये कळणार, तर तो पुन्हा येणार नाही.

कागद म्हणजे सर्टिफिकेट ऑफ रजिस्ट्रेशन तुमच्या नावावर झालेलं, सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दीनेस, चालू एआरसी, वजनाचा ताजा तक्ता आणि विम्याची पॉलिसी. पॉलिसीत पायलटसंबंधीचं कलम शब्दन् शब्द वाचा. नाव असलेले पायलटच चालतात का, किमान तास किती, टेलव्हीलचे किती, हे तिथे असतं. पॉलिसीत इन्स्ट्रक्टरचं नाव एन्डॉर्समेंट (नोंद) करून घाला. त्याला वगळून ग्राउंड लूप (जमिनीवर धावताना विमान गर्रकन फिरणं) झाला, तर पंखाच्या दुरुस्तीचा खर्च तुमचा. विमान प्रायव्हेटमध्ये आहे, तेव्हा तुमच्या विमानावर तुमच्याशिवाय तिसऱ्या कुणाला पैसे घेऊन शिकवायचं डोक्यातसुद्धा आणू नका. आणि तुमच्या स्वतःच्या एन्डॉर्समेंटचं (लायसन्सवरच्या नोंदीचं) प्रशिक्षण या विमानावर, या इन्स्ट्रक्टरकडून, या धावपट्टीवर होणार आहे, हे डीजीसीएला आधी लेखी कळवून उत्तर घ्या. फोनवर कुणीतरी "चालेल" म्हणालं, याला किंमत नाही.

वजन खरंच तोलून घ्या. गणित सोपं आहे. कमाल ६१३ किलो. दोन माणसं ८० किलोंची म्हणजे १६०. पेट्रोल ४० लिटर, लिटरला ०.७२ धरलं तर सुमारे २९ किलो. उरले ४२४. रिकामं विमान याच्या वर गेलं की दोघं बसून ४० लिटर भरता येत नाही. नवं कापड, डोपचे (कापड ताणणाऱ्या लेपाचे) जास्तीचे हात, रंगाचा जाड थर, मागे टाकलेली बॅटरी, यांनी जुनी विमानं फुगतात, आणि वाढलेलं वजन बहुधा शेपटीकडे असतं. १९७० सालचा तक्ता पुढे ढकलत आलेला असेल तर त्यावर विसंबू नका.

मग ब्रेक. नोजव्हीलवर शिकवताना इन्स्ट्रक्टरकडे ब्रेक नसले तरी निभतं, टेलव्हीलवर निभत नाही. उजव्या बाजूला ब्रेक आहेत का, आणि डावा-उजवा सारख्या जोराने धरतो का, हे जमिनीवर ढकलून बघा. एक बाजू आधी धरत असेल तर ग्राउंड लूपची अर्धी तयारी झालीच.

शेपटीचं चाक सगळ्यात दुर्लक्षित. पानपट्ट्यांची स्प्रिंग वर्षानुवर्षं दबून सपाट होते, त्यामुळे चाकाच्या उभ्या खुंटीचा कोन बदलतो आणि उतरल्यावर चाक थडथडायला लागतं. लोक नट आवळतात, चाक बदलतात, पण मूळ दोष स्प्रिंगच्या बाकात असतो. स्टिअरिंगच्या दोन छोट्या स्प्रिंगा आणि साखळ्या दोन्ही बाजूंना सारख्या ताणाच्या हव्यात.

लाकडी पंख आहेत, तेव्हा किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात विमान कुठे ठेवलं होतं हे विचारा. मागच्या स्पारजवळ (पंखातल्या लांब तुळईजवळ) तपासणीची झाकणं उघडून आरसा आणि टॉर्चने डिंकाचे जोड बघा. कुबट वास आला तरी पुरे, पुढचं उड्डाण रद्द. कापडाचा पंच टेस्ट वरच्या पृष्ठभागावर करा, ऊन तिथेच जास्त लागतं. हे सगळं बी१.२ (पिस्टन इंजिनाची विमानं) लायसन्सवाल्या एएमईकडूनच (देखभाल इंजिनिअरकडूनच), पण त्याने लाकूड-कापडावर काम केलेलं आहे का ते आधी विचारा. आजकाल पत्र्याची विमानं बघितलेले खूप, डोपचा ब्रश धरलेले मोजके.

किनारा_३४

मधेच एक: कुणी पायपर कब किंवा सुपर कब (हीही टेलव्हील विमानं) बघत असेल, तर पंखाखालच्या स्ट्रटचा (आधारदांड्याचा) खालचा भाग आधी तपासा. पाणी आत शिरून तिथे साठतं आणि पोलाद आतून गंजतं, बाहेरून रंग चकाचक दिसतो. एफएएचं (अमेरिकी नियामकाचं) २०१५-०८-०४ हे एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह त्यासाठीच आहे. कारखान्यातून सीलबंद आलेले स्ट्रट असतील तर ती ठरावीक मुदतीची तपासणी टळते. मुंबईच्या हवेत पाच पावसाळे काढलेल्या साध्या स्ट्रटवर माझा तरी भरवसा नाही.

पार्लेकर_व्हीटी

फार उपयोगी, धन्यवाद. दोन गोष्टी आणखी. इंजिन कॉन्टिनेन्टल सी९०-८एफ आहे, स्टार्टर नाही, जनरेटर नाही. म्हणजे पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवायचा आणि रेडिओ बॅटरीवर. इन्स्ट्रक्टर आत बसणार, मी बाहेर, की उलटं? आणि एक मित्र म्हणतो पंपावरचं पेट्रोल चालतं, कॉम्प्रेशन कमी आहे म्हणून. चालतं का?

ओलं_डोप

पेट्रोलचं आधी: नाही. सी९० कमी ऑक्टेनवर बनलेलं आहे हे खरं, पण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या टाकीचं सीलंट, रबरी नळ्या, कॉर्कचा फ्लोट, सगळं खातं. हवेतलं पाणी ओढून घेतं आणि थंडाव्यात ते पाणी वेगळं होऊन खाली बसतं. ॲव्हगॅस १००एलएलच वापरा. २०२२ पासून इंडियन ऑइल ते गुजरात रिफायनरीत बनवतं, आधी सगळं आयात व्हायचं. छोट्या पट्टीवर ते २०० लिटरच्या पिंपात आणावं लागेल. पिंपातून भरताना शॅमॉय किंवा पाणी अडवणारी गाळणी वापरा, विमान आणि पंप अर्थिंगच्या तारेने जोडा, पिंप आडवं ठेवून झाकणं पेट्रोलखाली राहतील असं वळवा. उभ्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचं पाणी साठतं आणि रात्री गार झाल्यावर झाकणातून आत ओढलं जातं.

ॲव्हगॅसमध्ये शिसं जास्त असल्यामुळे या इंजिनाचे खालचे प्लग भरतात. जमिनीवर फार वेळ आयडलला ठेवू नका, उतरताना मिक्श्चर विसरू नका, आणि दर २५ तासांनी प्लग काढून शिशाच्या बारीक गोळ्या टोकरून काढा.

पंखा फिरवण्यावर मी दोन शब्द लिहितो, बाकी प्रत्यक्ष शिका. आत बसलेला माणूस ब्रेक आणि थ्रॉटल ओळखणारा पायलटच हवा, मदतनीस नाही. म्हणजे सुरुवातीला इन्स्ट्रक्टर आत आणि एएमई पंख्यावर, तुम्ही बघत उभे. नंतर तुमची पाळी. चाकांना चॉक, शेपटी दोरीने खुंटीला, पायाखालची जमीन कोरडी, गळ्यात उपरणं-लॉकेट-आयडीची दोरी काही नको. आतला "स्विच ऑफ, फ्युएल ऑन, थ्रॉटल सेट" म्हणतो, बाहेरचा तेच परत म्हणतो, मग हात. प्रायमरचे (आधी थोडं पेट्रोल सोडणाऱ्या हातपंपाचे) दोन-तीन स्ट्रोक, पंखा चार-पाच पाती फिरवून घ्या. मग "कॉन्टॅक्ट", आतल्याचं उत्तर "कॉन्टॅक्ट", आणि तेव्हाच जोराचा हात. बोटं पात्याच्या मागच्या कडेवर गुंडाळायची नाहीत, बोटांची पेरं फक्त टेकवायची, आणि हात खाली गेला की शरीर मागे आलं पाहिजे.

स्विच ऑफ म्हणजे मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) मेला, असं कधीच धरू नका. मॅग्नेटोची ग्राउंडिंगची तार तुटली की स्विच ऑफ असूनही ठिणगी पडते. म्हणून दर उड्डाणानंतर, इंजिन बंद करण्याआधी, आयडलला क्षणभर दोन्ही स्विच ऑफ करून इंजिन मरायला लागतं का बघायचं. मरत नसेल तर पंख्याला "हात लावू नका" असा फलक, आणि मॅग्नेटो उघडल्याशिवाय पुढे काही नाही.

फिरता_पंखा

रेडिओबद्दल. हातातला व्हीएचएफ सेट, बाहेर अँटेना, हेडसेटला ॲडॉप्टर. आधी जमिनीवर इंजिन चालू ठेवून ऐका. प्लगच्या तारा शील्ड केलेल्या नसतील तर मॅग्नेटोचा करकर आवाज सगळं गिळतो, हातातला सेट कितीही महागाचा असो. इंटरकॉम हवाच. शेजारी बसून ओरडून टेलव्हील शिकवता येत नाही. कायमची बॅटरी किंवा ट्रान्सपॉन्डर बसवायचा तर तो मंजूर मॉडिफिकेशन म्हणूनच, आणि त्यानंतर पुन्हा वजन.

डाव्या_पायाचा

मला परदेशाबद्दल लिहायचं आहे, कारण वर कुणी लिहिलं नाही. अमेरिकेत नियम ६१.३१(आय) टेलव्हीलसाठी इन्स्ट्रक्टरचं लॉगबुक एन्डॉर्समेंट मागतो, तासांचा आकडा मागत नाही. साधं आणि आडव्या वाऱ्यातलं टेक-ऑफ व लँडिंग, व्हील लँडिंग (आधी पुढच्या दोन चाकांवर टेकणं; उत्पादकाने नको म्हटलं नसेल तर), आणि गो-अराउंड, एवढं नीट जमलं पाहिजे. १५ एप्रिल १९९१ आधी टेलव्हीलवर पायलट-इन-कमांड म्हणून तास नोंदवलेल्यांना तेही लागत नाही. ही यादी मात्र इथे तुमच्या इन्स्ट्रक्टरपुढे ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनची पायलट कोचिंग स्कीम आहे, तिथले कोच सभासदाच्या स्वतःच्या विमानावर येऊन शिकवतात. आपल्याकडे तसलं काही नाही, ही खरी उणीव. टायगर मॉथच (जुनं, दुहेरी पंखांचं टेलव्हील) हवं असेल तर डक्सफर्डला आणि केंब्रिज परिसरात ते उडतं.

तिथे ड्युअल घेऊन आलात तरी तुमच्या लायसन्सवर पुष्पक आपोआप नोंदवलं जाणार नाही. हात आणि पाय तयार होतील, कागद इथेच करावा लागेल. म्हणून माझं मत, आधी तिकडे कब किंवा चॅम्प अशा टेलव्हीलवर आठवडाभर पाय तयार करा, मग इथे इन्स्ट्रक्टर बोलवा. त्याचे तास वाचतील.

फिरता_पंखा

@डाव्या_पायाचा, खर्चाच्या मानाने मला ते पटत नाही. पाय तयार करायला ग्लायडरही पुरतं, आणि हडपसरचं ग्लायडिंग सेंटर जवळ आहे. लांब पंखांमुळे एलेरॉन दिला की नाक उलट्या दिशेला जातं, रडर (पायाने चालणारं सुकाणू) विसरता येतच नाही. वेळापत्रक फोनवर विचारून जा, रविवार धरून चालू नका.

डाव्या_पायाचा

ग्लायडर हवेतला पाय शिकवतो, जमिनीवरचा नाही. ग्राउंड लूप हा जमिनीवरचा रोग आहे. टेलव्हीलमध्ये गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक थोडं वळलं की मागचं वजन ते आणखी वळवायला बघतं, आणि नोजव्हीलसारखं आपोआप सरळ होत नाही. ग्लायडरच्या एका चाकावर हे कळत नाही. बाकी तुमचं बरोबर, खर्च बराच कमी.

चिपी_विचारतोय

धागा पळवत नाही, पण संबंधित आहे. पुष्पक नव्हे, चिपमंक (जुनं टेलव्हील प्रशिक्षण विमान) घ्यायचा विचार चालू आहे. पुष्पकवर शिकलेला माणूस चिपमंकवर सरळ बसू शकतो का?

डाव्या_पायाचा

नाही, आणि कारण गमतीचं आहे. कॉन्टिनेन्टलचा पंखा कॉकपिटमधून घड्याळाच्या दिशेने फिरतो, टेक-ऑफला नाक डावीकडे ओढतं, उजवा पाय लागतो. टायगर मॉथ आणि चिपमंकमधल्या जिप्सी मेजर इंजिनाचा पंखा उलटा फिरतो. नाक उजवीकडे जातं, डावा पाय लागतो. शेपटी उचलताना जायरोस्कोपिक ओढही त्याच बाजूला. पुष्पकवर डावीकडून येणारा आडवा वारा त्रासदायक, कारण वारा आणि इंजिन दोघेही नाक डावीकडे नेतात. चिपमंकवर तेच उजवीकडून. पायाला सवयीने जे कळतं तेच चुकीचं ठरतं, म्हणून वेगळं ड्युअल हवं.

चिपमंकचा ब्रेक हाताच्या लिव्हरचा आहे. टॅक्सी करताना काही खाचा ओढून ठेवतात, मग रडरबरोबर एका बाजूचा ब्रेक लागतो. टेक-ऑफ आणि लँडिंगआधी लिव्हर पूर्ण सोडलेला आहे हे हाताने चाचपून बघा. अर्धवट ओढलेल्या लिव्हरने पूर्ण रडर देऊन उतरलात तर एक चाक धरून बसतं.

जिप्सी मेजर उलटं इंजिन आहे, सिलिंडर खाली. उभं राहिलं की तेल पिस्टनच्या कडेने सिलिंडरमध्ये उतरतं. सुरू करण्याआधी स्विच ऑफ ठेवून पंखा हाताने पूर्ण फेऱ्या फिरवायचा, प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन हाताला लागलं पाहिजे. एखाद्या जागी पंखा घट्ट अडला तर जोर करायचा नाही आणि उलटाही फिरवायचा नाही. उलटं फिरवलं तर तेल इनलेट पाइपमध्ये जातं आणि सुरू झाल्यावर परत सिलिंडरमध्ये येऊन कनेक्टिंग रॉड वाकवतं. प्लग काढा, तेल गळू द्या.

टायगर मॉथवर गिरक्या किंवा कसरती शिकणार असाल, तर आधी फ्युझलाजमधल्या आडव्या टाय-रॉडांचा इतिहास मागा, ते कुणी बनवले आणि कधी बसवले. डिसेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात साउथ स्ट्रॅडब्रोक बेटाजवळ एका टायगर मॉथचा डावा पंख हवेतच गेला, तपासात हेच रॉड तुटलेले सापडले. टायगर मॉथ आणि चिपमंकची तांत्रिक पत्रकं डी हॅव्हिलँड सपोर्ट लिमिटेड काढतं, एएमईकडे ती आहेत का विचारा.

उजवी_सीट

उशिरा आलो. शिकवण्याचा क्रम कुणी लिहिलेला नाही, तो लिहितो. पार्लेकर, तुम्ही आणि तुमचा इन्स्ट्रक्टर यात हवा तो बदल करा.

पहिला दिवस उडायचं नाही. विमान तीन बिंदूंवर उभं असताना डाव्या सीटवर बसून समोर बघा. नाकाच्या कडेला क्षितिज कुठे लागतं ते डोळ्यांत बसवा, थ्री-पॉइंट (तिन्ही चाकं एकदम टेकणाऱ्या) लँडिंगला हेच चित्र पुन्हा हवं आहे. सीटखाली उशी घेतली असेल तर तीच उशी कायम ठेवा, दोन सेंटिमीटरने चित्र बदलतं. मग टॅक्सी. नागमोडी, दोन्ही बाजूंना बघत. समोरून वारा असेल तर स्टिक मागे आणि वाऱ्याकडे, मागून वारा असेल तर स्टिक पुढे आणि वाऱ्यापासून दूर. हे एक तास नुसतं करा. कंटाळवाणं आहे, पण पुढचं निम्मं काम इथेच होतं.

हवेत गेल्यावर स्टॉल (वेग कमी होऊन पंखांची उचल तुटणं), डच रोल (एलेरॉन-रडरचा मेळ बसवण्याचा सराव), आणि साइडस्लिप (तिरकं घसरत उतरणं). पुष्पकसारख्या विमानात उंची उतरवायचं हत्यार साइडस्लिपच, तेव्हा दोन्ही बाजूंना नीट जमलं पाहिजे. एअरस्पीड इंडिकेटर मैलांत आहे की नॉट्समध्ये ते बघून मॅन्युअलमधल्या आकड्यांशी जुळवा. ६० मैल म्हणजे ५२ नॉट. सेसनाच्या सवयीने मैलांचा आकडा नॉट समजलात, तर स्टॉलच्या जवळ येऊन बसता.

लँडिंगमध्ये आधी थ्री-पॉइंट पक्कं करा, व्हील लँडिंग नंतर. नोजव्हीलवरून आलेल्याची ठरलेली चूक म्हणजे चाकं टेकली की "झालं" म्हणून पाय सैल सोडणं. टेलव्हीलमध्ये टेकल्यावर काम सुरू होतं, आणि वेग कमी होताना रडरचा जोर कमी होतो म्हणून पाय जास्त हलवावा लागतो. दुसरी चूक, उडी बसली की स्टिक पुढे ढकलणं. पुढे ढकललं की विमान चाकांवर आपटून अधिक उंच उडतं, तिसऱ्या उडीला पंखा जमिनीला लागतो. छोटी उडी असेल तर स्टिक जिथे आहे तिथे धरा, थोडी पॉवर द्या आणि पुन्हा बसवा. मोठी असेल तर पूर्ण पॉवर, गो-अराउंड. इन्स्ट्रक्टरने पहिल्या काही तासांत मुद्दाम उड्या घडवून हे करून घ्यावं.

आपल्या धावपट्ट्या डांबरी किंवा काँक्रीटच्या. गवतावर चाक थोडं तिरकं टेकलं तरी घसरून सावरतं, डांबर टायरला धरतं आणि विमान फिरवतं. म्हणून कडेला गवताची नीट पट्टी असेल आणि धावपट्टीवाल्यांनी परवानगी दिली तर सुरुवात तिथे. पण ती आधी चालत बघा. उंदरांची बिळं, चरायला बांधलेल्या म्हशींचे खुंटे, पावसाने पडलेले चर, यांची जमिनीवरच खात्री करा.

कार्ब्युरेटर हीट (बर्फ धरू नये म्हणून गरम हवा). सी९० ला बर्फ धरायची खोड आहे. २५ अंश तापमान आणि पावसाळ्यानंतरची दमट हवा असली तरी कमी पॉवरवर उतरताना बर्फ धरतो. थ्रॉटल मागे घेण्याआधी हीट पूर्ण ओढा, मागे घेतल्यावर नाही. गो-अराउंडला हीट परत आत ढकला, नाहीतर आधीच अशक्त इंजिन आणखी मंदावतं.

पार्लेकर_व्हीटी

@उजवी_सीट, हे प्रिंट काढून ठेवतोय. शेवटचं, मार्च सुरू होण्याआधी इन्स्ट्रक्टर मिळाला नाही तर एप्रिल-मे मध्ये उडावं की ऑक्टोबरपर्यंत थांबावं?

उजवी_सीट

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे मध्ये चालेल, पण गणित करून. १,८०० फुटांवरच्या पट्टीवर प्रमाण तापमान साधारण ११ अंश. ३८ अंश असेल तर फरक २७ अंश, दर अंशाला १२० फूट धरले तर ३,२०० फुटांची भर. म्हणजे इंजिनाला वाटतं आपण ५,००० फुटांवर आहोत. ९० हॉर्सपॉवर, दोन माणसं, ४० लिटर पेट्रोल, आणि सकाळी दहानंतर उठणारे भोवरे. त्या महिन्यांत सकाळी साडेसहाला पंखा फिरला पाहिजे आणि नऊच्या आत विमान हँगरमध्ये. पेट्रोल २५ लिटर भरा, सर्किटांना पुरतं आणि अकरा किलो वाचतात. जून ते सप्टेंबर उडू नका, पण दर पंधरा दिवसांनी पंखा नुसता हाताने फिरवून "इंजिन हलवलं" असं समजू नका. त्याने कॅमवरचं तेल पुसलं जातं आणि गंज लवकर धरतो. चार महिने उभं ठेवायचं असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह ऑइल, डेसिकंट (ओल शोषणारे) प्लग, एक्झॉस्ट आणि ब्रीदर बंद, आणि पंख्यावर लाल फडकं.